‘वचन धरून ठेवा’ म्हणजे नेमकं काय करायचं?

मोहरीचा_दाणा
जय ख्रिस्त मंडळी.
‘विजयी ख्रिस्ती जीवन’ हे शब्द उपदेशात सतत येतात आणि पाठोपाठ ‘देवाची वचनं धरून ठेवा’ हेही येतं. इथवर सगळ्यांचं एकमत. गाडी अडते ती पुढे. बायबलमधलं कुठलंही वाक्य उचलून ‘हे माझं वचन’ म्हणता येतं का? येत असेल, तर धरायचं म्हणजे काय? पाठ करायचं, मोठ्यानं म्हणायचं, भिंतीवर लावायचं, की आणखी काही? आणि धरूनही तोच राग, तीच काळजी, तेच पाप पुन्हा दारात उभं असेल तर चुकतं कुठे?
साक्षी पुष्कळ ऐकायला मिळतात, त्या इथे नकोत. रीत सांगा. अध्याय-ओवी दिलीत तर पडताळून बघता येईल.

विजयध्वज
विश्वास कमी पडतो, दुसरं काही नाही. मार्क ११:२४: प्रार्थनेत जे मागाल ते मिळालंच आहे असा विश्वास धरा. विषय संपला.

थोमाभाऊ
एका ओळीत संपणारा विषय असता तर पौलानं रोमकरांना १६ अध्याय कशाला लिहिले असते?

बिरुयाकर
धागाकर्त्यांच्या पहिल्या प्रश्नाची मेख आपल्या भाषेतच आहे. मराठीत ‘वचन’ म्हणजे बायबलमधली ओवी, ‘वचन’ म्हणजे देवाचा शब्द आणि ‘वचन’ म्हणजे दिलेला शब्द, म्हणजे अभिवचन. तिन्हींना एकच शब्द. त्यामुळे नकळत प्रत्येक ओवी अभिवचन वाटायला लागते. तसं नाही. बायबलमध्ये आज्ञा आहेत, इतिहास आहे, विलाप आहेत, ईयोबाच्या मित्रांची भाषणं आहेत (आणि ती चुकीची होती असं शेवटी देवच सांगतो, ईयोब ४२:७). ईयोबाच्या मित्राचं वाक्य कॅलेंडरवर छान दिसतं म्हणून ते अभिवचन होत नाही.

ओवी हाती आली की आधी चार गोष्टी बघायच्या. बोलतंय कोण. कोणाला बोलतंय. ‘जर’ किंवा ‘म्हणजे’ लपलंय का, म्हणजेच अट आहे का. आणि काळ सांगितलाय का.

नेहमीचं उदाहरण यिर्मया २९:११. हिताचे संकल्प, आशा, भविष्य. सगळ्यांना पाठ. आता एक ओवी मागे या: बाबेलची ७० वर्षं पुरी झाल्यावर मी तुमच्याकडे लक्ष देईन. हे यिर्मयानं यरुशलेमेहून बाबेलमधल्या बंदिवानांना पाठवलेलं पत्र आहे. यहोयाखीन राजाबरोबरचे लोक इ.स.पू. ५९७ मध्ये नेले गेले. पत्र ऐकणाऱ्या प्रौढांपैकी बहुतेकांना परतीची वाट दिसणारच नव्हती. म्हणून ओवी ५ ते ७ मध्ये घरं बांधा, बागा लावा, मुलांची लग्नं करा, त्या नगराचं हित चिंता असं सांगितलंय. आदल्याच अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा ‘दोन वर्षांत सगळं परत’ असं सांगत होता. लोकांना अर्थातच तोच आवडला असणार. तो त्याच वर्षी सातव्या महिन्यात मेला (२८:१७). आज २९:११ वाचताना पुष्कळांच्या मनात यिर्मयाची ओवी असते आणि हनन्याची मुदत.

पाचवी_भाकर
बिरुयाकर, प्रतिसाद आवडला, पण असं चाळत गेलं तर जुन्या करारातलं आपल्या हाती काय उरेल? सगळं इस्राएलाचं, आपण नुसते प्रेक्षक? इब्री १३:५ काढा. ‘मी तुला सोडणार नाही, टाकणार नाही’ हे देव यहोशवाला बोलला होता (यहोशवा १:५), एका माणसाला, एका मोहिमेच्या तोंडावर. इब्री पत्राचा लेखक तेच सरळ सगळ्या विश्वासणाऱ्यांना देतो, आणि देतो ते पैशाच्या लोभाच्या संदर्भात! लढाईचं वचन संसाराच्या जमाखर्चाला लावलं. २ करिंथ १:२० प्रमाणे देवाची वचनं कितीही असली तरी ख्रिस्तात त्यांचं ‘होय’ आहे. तुमच्या चाळणीतून हे कसं जातं?

बिरुयाकर
@पाचवी_भाकर ताई, मुद्दा मान्य. मी अर्धंच लिहिलं. चार प्रश्नांनंतर पाचवा येतो: हे ख्रिस्तामार्फत आपल्यापर्यंत कसं पोचतं? यहोशवा १ मध्ये दोन गोष्टी शेजारी आहेत. चौथ्या ओवीत सीमा आहेत, रान ते लबानोन ते फरात नदी. पाचवीत देवाची सोबत आहे. नव्या करारानं सोबत उचलून सगळ्यांना दिली, सीमा दिल्या नाहीत. म्हणून नवी जागा, नवं घर यांसाठी ‘जिथे पाऊल पडेल ते तुमचं’ (१:३) म्हणत चकरा मारणं चूक, आणि एकटेपणात १:५ धरणं बरोबर. यिर्मयाचंही तसंच. ७० वर्षं त्यांची, पण शिक्षेतसुद्धा आपल्या लोकांचं हित चिंतणारा देव आपलाही तोच.

कोंबडा_आरवला
वचनांची डबी आठवली. रोज सकाळी एक चिठ्ठी काढायची, आशीर्वाद निघाला की दिवस चांगला. त्या डबीत २ तीमथ्य ३:१२ ची चिठ्ठी कोणी बघितली आहे का? ‘सुभक्तीनं आयुष्यक्रमण करू पाहणाऱ्या सर्वांचा छळ होईल.’ तेही वचनच. आणि चांगलं बिनशर्त!

थोमाभाऊ
+१. फिलिप्पै ४:१३ सुद्धा. व्यायामशाळेच्या भिंतीवर ‘मी सर्वकाही करायला शक्तिमान आहे’. आधीच्या दोन ओव्या कोणी लावत नाही. तिथे पौल बंदिवासातून लिहितोय की भरल्या पोटी राहायचं कसं आणि उपाशी राहायचं कसं, दोन्ही मी शिकलोय. ‘सर्वकाही’त उपासमार येते, वजन उचलणं येतंच असं नाही.

तिसरा_प्रहर
दुसऱ्या प्रश्नाकडे येते, कारण ‘धरणं’ हे काम आहे आणि त्याची रीत सांगता येते. मोहाचं उदाहरण घेऊ, १ करिंथ १०:१३.

पहिल्या दिवशी ओवी हातानं लिहा आणि तोडून बघा. तिच्यात तीन दावे आहेत. तुमची परीक्षा जगावेगळी नाही, माणसांवर येते तशीच आहे. देव विश्वसनीय आहे, तो शक्तीपलीकडे जाऊ देणार नाही. आणि परीक्षेबरोबरच तो निभावण्याचा उपायही करील. यातला कुठला दावा तुम्हाला आतून खरा वाटत नाही, ते शोधा. ‘माझी अडचण कोणालाच कळायची नाही’ हे पहिल्या दाव्यावर न बसलेल्या विश्वासाचं वाक्य आहे. ‘माझा स्वभावच असा’ हे दुसऱ्यावर. बहुतेकांची गाठ तिथेच सापडते, आणि प्रार्थना मात्र भलत्याच ठिकाणी चाललेली असते.

मग ‘उपाय’ शोधा. ‘बरोबर’ हा शब्द महत्त्वाचा, उपाय परीक्षेच्या जोडीनं येतो, ती संपल्यावर नव्हे. तो सहसा लहान आणि लवकर येतो. २ शमुवेल ११ घ्या. राजे लढाईला जातात त्या दिवसांत दावीद घरी राहिला, हे पहिलं दार. गच्चीवरून न्हाणाऱ्या बाईवर नजर गेली तेव्हा ती वळवता येत होती, दुसरं. चौकशीला माणूस पाठवला, तो परत येऊन म्हणतो, ती उरीयाची बायको ना? तिसरं दार, आणि तेही दुसऱ्याच्या तोंडून उघडलेलं. चौथ्या ओवीत त्यानं तिला बोलावणं धाडलं. आपण प्रार्थना सुरू करतो ती या चौथ्या ओवीत, आणि म्हणतो की वचन खरं ठरलं नाही.

म्हणून कागदावर नेहमीच्या पडण्याचा क्रम उलट्या बाजूनं लिहून काढा: कृती, तिच्याआधी काय, त्याच्याआधी काय, असे चार-पाच टप्पे. सगळ्यात आधीच्या टप्प्यापाशी वचन लावायचं. वेळ, जागा, थकवा, फोनवरचा रिकामा वेळ, जे असेल ते. आणि लगेच पुढची ओवी वाचा, १०:१४: दूर पळा. योसेफ मालकाच्या बायकोच्या हाती वस्त्र सोडून पळाला (उत्पत्ती ३९:१२). त्यानं तिथे उभं राहून ओवी म्हटली नाही.

एका वेळी एकच वचन. निदान महिनाभर. दहा धरलीत तर एकही धरलेलं नसतं.

मार्था_कामात
वाचनखूण साठवली. एक पुरवणी: याच ओवीतून ‘देव झेपेल तेवढंच दुःख देतो’ हे वाक्य निघालं आहे आणि ते शोक करणाऱ्यांच्या तोंडावर फेकलं जातं. ओवीचा संदर्भ मोहाचा आहे, मागे मूर्तिपूजा आणि व्यभिचाराची उदाहरणं आहेत. दुःखाबद्दल पौल २ करिंथ १:८ मध्ये म्हणतो की आमच्यावर शक्तीपलीकडे भार पडला, जगण्याचीही आशा उरली नाही. कृपा करून मर्तिकाच्या घरी १०:१३ नेऊ नका.

विजयध्वज
एवढी कागदपत्रं कशाला? हे सगळं स्वतःच्या बळावरचं झालं. सोडून द्या, देवाला करू द्या. एकदा पूर्ण समर्पण झालं की विजय आपोआप येतो.

शिलालेख
हा वाद नवा नाही. इंग्लंडमध्ये केसिक इथे १८७५ मध्ये सुरू झालेल्या मेळाव्यांमधून ‘समर्पण आणि विश्वासानं विजय’ ही मांडणी जगभर पोचली. त्याच काळात जे. सी. राइल यांनी हरकत घेतली, की नवा करार पवित्रतेबद्दल बोलताना धावणं, झुंजणं, लढणं हीच क्रियापदं वापरतो. दोन्हीकडे तथ्य आहे असं माझं मत, पण ‘आपोआप’ हा शब्द मला बायबलमध्ये सापडत नाही.

२ पेत्र १ पाहा. चौथ्या ओवीत मोलवान आणि अति महान वचनं दिली आहेत, त्यांच्यायोगे तुम्ही देवाच्या स्वभावाचे वाटेकरी व्हावं म्हणून. पाचव्या ओवीची सुरुवात: ‘ह्याच कारणास्तव’ होईल तितका प्रयत्न करून विश्वासात भर घाला. मग सात गोष्टी, सात्त्विकतेपासून प्रीतीपर्यंत. वचन मिळालं म्हणून प्रयत्न, ‘म्हणून आता विश्रांती’ असं नव्हे.

रोमकरांस ६ मध्येही तीन पायऱ्या आहेत: ठाऊक असणं (ओवी ३, ६, ९), मानणं (११), समर्पण करणं (१३). लोक पहिल्या दोन गाळून तिसरीवर उडी मारतात आणि ती दर सभेला मारत राहतात. ‘पापाला मेलेले असे स्वतःला माना’ यातला मूळ ग्रीक शब्द जमाखर्चातला आहे, खात्यावर धरणं. हाच शब्द चौथ्या अध्यायात ११ वेळा येतो, अब्राहामाचा विश्वास नीतिमत्त्व असा ‘गणण्यात’ आला त्याबद्दल. खात्यात रक्कम आहे हे मानायला रक्कम जाणवावी लागत नाही. ‘मला मेल्यासारखं वाटत नाही’ ही तक्रार म्हणूनच गैरलागू. आणि १३ मध्ये समर्पण कशाचं? अवयवांचं. डोळे, जीभ, हात. म्हणजे शेवटी बारीकसारीक कामच आलं, विजयध्वज.

पाचवी_भाकर
विजयध्वजांच्या बाजूनं एक गोष्ट बोलू द्या. ‘प्रयत्न’ ऐकून माणूस दात-ओठ खाऊन सुरू होतो, आठ दिवसांत दमतो आणि ‘जे करावंसं वाटतं ते करत नाही’ म्हणत रोमकरांस ७ मध्ये जाऊन बसतो. गलती ५:१६ चा क्रम बघा. ‘आत्म्याच्या प्रेरणेने चाला’ आधी, देहवासना पूर्ण न करणं नंतर. उलटा क्रम लावला की बिघडतं. शिवाय वासना उठणारच नाही असं वचन त्यात नाही, पुढच्याच ओवीत देह आणि आत्मा यांचा झगडा चालू आहे. वचन आहे ते वासना ‘पूर्ण’ न होण्याचं. मोह आला म्हणजे हरलो असं समजून निम्मे लोक लढाईच्या आधीच शस्त्र टाकतात.

थोमाभाऊ
इफिस ६ मध्ये ११ ते १४ मध्ये परत परत काय? उभं राहा, टिकाव धरा, उभं राहा. कोणाला तरी चाल करून जाण्याची फार घाई असते. तिथे आधी जागा न सोडणं हाच विजय आहे.

मोहरीचा_दाणा
खूप मिळालं, आभार. तिसरा_प्रहर यांचं उलट्या क्रमाचं पटलं. पण पडल्यावर काय? आणि जुनी सवय वर्ष-वर्ष का टिकते, वचन असूनही?

तिसरा_प्रहर
पडल्यावर १ योहान १:९, त्याच दिवशी. मराठी बायबलमध्ये शब्द फार नेमका आहे: पापे ‘पदरी घेतली’ तर. ‘काही चुकलं असेल तर क्षमा कर’ यात पदरी काहीच येत नाही. पापाचं नाव घ्यायचं: खोटं बोललो, अमक्याचा मत्सर केला. इथे सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे स्वतःच ठरवलेली शिक्षा. दोन-चार दिवस प्रार्थना नाही, वाचन नाही, ‘देवापुढे कुठल्या तोंडानं जाऊ’. ओवीत क्षमेचा आधार आपलं दुःख किती खोल हा नाहीच, देव विश्वसनीय व न्यायी आहे हा आहे. उशीर केल्यानं क्षमा जास्त होत नाही, फक्त पुढच्या पडण्याला मोकळं रान मिळतं. परत परत तेच पाप असेल तर याकोब ५:१६ पण जोडा, एका विश्वासू माणसापाशी कबुली. एका. सगळ्या मंडळीपुढे नको.

बिरुयाकर
सवय का टिकते याला निर्गम २३:२९-३० आणि शास्ते १ जोडीनं वाचा. निर्गमात देव म्हणतो, शत्रूंना मी एकाच वर्षात घालवणार नाही, हळूहळू घालवीन, नाहीतर देश ओस पडेल आणि रानटी पशू वाढतील. म्हणजे उशीर हाही योजनेचा भाग असू शकतो: मोकळी झालेली जागा वसवायला माणसं लागतात. वाईट सवय काढली आणि तिथे काही पेरलं नाही, तर पशू येतात.
पण शास्ते १ मधला उशीर वेगळा आहे. ओवी २८: इस्राएल प्रबळ झाले तेव्हा त्यांनी कनान्यांना घालवलं नाही, वेठीला लावलं. घालवण्याची ताकद होती, फायदा दिसला म्हणून ठेवले. सवय टिकली की विचारायचा प्रश्न हा: ती जात नाहीये, की तिचा काही उपयोग होतोय? राग ठेवला की लोक दबून राहतात. काळजी करत राहिलं की जबाबदार वाटतं. असल्या भाडेकरूला वचन सांगून तो निघत नाही, भाडं घेणं आधी थांबवावं लागतं.

कोंबडा_आरवला
‘भाडं घेणं थांबवा.’ हे डबीत टाका.

नवा_सभासद_७
आजारपणात वचन धरलं तर औषध घेणं हा अविश्वास ठरतो का? यशया ५३:५, ‘त्याला बसलेल्या फटक्यांनी आम्हांला आरोग्य प्राप्त झाले’ असं आहे ना.

मार्था_कामात
नाही ठरत. आणि औषध तर मुळीच बंद करू नका, कोणी कितीही मोठा उपदेशक सांगो. १ पेत्र २:२४ ही ओळ पापांच्या संदर्भात वापरतो. मत्तय ८:१७ मात्र यशया ५३:४ आजार बरे करण्याला लावतो, त्यामुळे बरं होण्यासाठी प्रार्थना जरूर करावी, याकोब ५:१४ तेच सांगतं. पण पौलाच्या आसपासच बघा: तीमथ्याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितलं (१ तीमथ्य ५:२३), त्रफिमाला मिलेतात आजारी ठेवून पुढे जावं लागलं (२ तीमथ्य ४:२०), एपफ्रदीत मरता मरता वाचला (फिलिप्पै २:२७), आणि सोबतीला लूक वैद्य होता (कलस्सै ४:१४). पौलानं स्वतःच्या शरीरातल्या ‘काट्या’साठी, म्हणजे छळणाऱ्या त्रासासाठी, तीनदा विनंती केली, उत्तर आलं ‘माझी कृपा तुला पुरे’. यातल्या कोणाला ‘तुझा विश्वास कमी’ असं म्हटलेलं नाही.
स्तोत्र ९१ सैतानालाही पाठ होतं. मत्तय ४:६ मध्ये तो येशूला मंदिराच्या शिखरावरून उडी मार म्हणतो आणि दूत सांभाळतील ही ओवी सांगतो, पण मधलं ‘तुझ्या सर्व मार्गांत’ गाळतो. शिखरावरून उडी मारणं हा आपला मार्ग नाही. औषध फेकणं ही तीच उडी.

नवा_सभासद_७
धन्यवाद ताई. नीट कळलं.

मोहरीचा_दाणा
शेवटचं विचारतो. अट पाळली, संदर्भ बघितला, वाट पाहिली, तरी उत्तर नाही. तेव्हा विजय कशाला म्हणायचं?

शिलालेख
रोमकरांस ८:३७ चं ‘महाविजयी’ कुठे येतं बघा. ३५ मध्ये क्लेश, उपासमार, नग्नता, तलवार यांची यादी, ३६ मध्ये स्तोत्र ४४ मधली कापायच्या मेंढरांची ओळ, आणि मग ‘ह्या सर्व गोष्टींत’. ‘गोष्टींतून सुटून’ असं नाही. इब्री ११ मध्ये काहींनी विश्वासानं सिंहांची तोंडं बंद केली आणि काही विश्वासानंच करवतीनं चिरले गेले, दोघांत जेमतेम चार ओव्यांचं अंतर आहे (३३ आणि ३७). ३९ म्हणते, सर्वांबद्दल साक्ष चांगली, तरी वचनाप्रमाणे त्यांना फळ मिळालं नाही.
वाट पाहण्याचं मोजमाप हवं असेल तर अब्राहाम. निघाला ७५ व्या वर्षी, इसहाक १०० व्या. मध्ये ८६ व्या वर्षी हागारेपासून इश्माएल, म्हणजे वचन खरं करायला देवाला केलेली ‘मदत’. त्यानंतर ९९ पर्यंत १३ वर्षं उत्पत्तीत देव त्याच्याशी बोलल्याची नोंद नाही. तरी रोमकरांस ४:१९ म्हणतं, त्यानं आपलं निर्जीव झालेलं शरीर ध्यानात घेतलं. विश्वास म्हणजे वस्तुस्थिती नाकारणं नव्हे. वैद्यकीय अहवाल वाचूनही वचन धरता येतं.

तिसरा_प्रहर
आणि त्या काळात प्रार्थना कुठली, तर स्तोत्र १३. सहा ओव्या, पहिल्या दोनांत चार वेळा ‘कोठवर’. हे देवालाच विचारलंय, म्हणून तो विश्वासच आहे. स्तोत्र ८८ तर अंधारातच संपतं, तरी संग्रहात आहे. दोन्ही मोठ्यानं वाचायला दहा मिनिटंही लागत नाहीत.

मोहरीचा_दाणा
ठीक. १ करिंथ १०:१३ पासून सुरुवात, वही काढली आहे. @विजयध्वज, तुमचं मार्क ११:२४ पण लिहून घेतलं, पण बिरुयाकरांच्या रीतीनं पुढची ओवी वाचली. तुम्ही वाचलीत का?

विजयध्वज
आत्ता वाचली. ‘प्रार्थनेला उभे राहाल तेव्हा तुमच्या मनात कोणाविरुद्ध काही असल्यास त्याची क्षमा करा.’
थोमाभाऊ, त्या दुसऱ्या धाग्यावर तुम्हाला जे बोललो होतो ते काढून टाकतोय.

थोमाभाऊ
राहू द्या हो, मीही काही कमी बोललो नव्हतो. मी माझं काढतो, मग तुम्ही तुमचं काढा.

कोंबडा_आरवला
संपादनाची मुदत २४ तास असते. दोघंही उशीर केलात. नव्यानं लिहा.